शाळेत ‘स्टीम’ आणायची? आधी चित्रकलेची खोली रिकामी करा

यंदाच्या पालकसभेत कुणीतरी उठून विचारणारच, “आपल्याकडे स्टीम आहे का हो?” तेव्हा संस्थाचालक म्हणून तुम्हाला चाचपडायला नको, एवढ्यासाठी हा सल्ला. ‘स्टीम’ म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांच्या पंगतीत आता कलेचाही पाट मांडायचा, असं सगळीकडे ठरलंय म्हणे. पाट जरूर मांडा. वाढलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

पहिला प्रश्न जागेचा. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी यंत्रं जोडून-मोडून बघण्याची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा. तिच्यासाठी हजार-दीड हजार चौरस फूट जागा दाखवावी लागते आणि पाच वर्षांत २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. एवढ्या पैशांसाठी चित्रकलेची खोली सहज रिकामी होते. स्थिरचित्रासाठी ठेवलेले माठ, कळकट सुरया, तुटका इझल, सगळं जिन्याखाली. सरांना समजावून सांगा की कला आता प्रत्येक विषयात मुरणार आहे, तेव्हा तिला वेगळी खोली कशाला? आठवड्याचे दोन तासही ‘काढले’ म्हणू नका, ‘एकात्मिक केले’ म्हणा. कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, हे २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच आहे. तुम्ही भिंत पाडलीत. ती कुणाच्या अंगावर पडली, हे धोरणात विचारलेलं नाही.

सर निवृत्तीला आले असतील तर सोन्याहून पिवळं. पद भरूच नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तरच कलेला निदेशक, आणि तोही अंशकालीन. कायद्यालाच कला अर्धवेळ पुरते, तर तुम्हाला का पुरू नये? रोबोटिक्सचा माणूस किट विकणारी कंपनीच पाठवते. डिप्लोमा झालेला, दुचाकीवर चार शाळा फिरणारा पोरगा असतो. त्याला ‘इनोव्हेशन कोच’ म्हणायचं आणि पगार किती मिळतो ते विचारायचं नाही.

किट आलं की आधी डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, मग कपाट, मग कुलूप. मुलांच्या हातात मोटारी दिल्या तर त्या जळतात आणि तपासणीच्या दिवशी रजिस्टर जुळत नाही. काळ्या पट्टीवरून चालणारी एकच गाडी कोचकडून करून घ्या, ती वर्षभर पुरते. विज्ञान झालं.

कला म्हणजे वारली. दुसरं काही सुचवू नका. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली ती चित्रं जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली, तुम्ही ती फक्त गाडीच्या टपापर्यंत न्यायची आहेत. बाजारात स्टिकर मिळतात.

राहिल्या मानव्यविद्या. आषाढीच्या आसपास गाडीवर थर्मोकोलची पालखी ठेवा आणि सभागृहाच्या फरशीवर चिकटपट्टीने आळंदी ते पंढरपूर आखा. संस्कृती, इतिहास, भूगोल, सगळं एका चार्जिंगमध्ये. मात्र सातवीतली एखादी मुलगी हात वर करील, “सर, पालखी आपापली चालायला लागली तर वारकऱ्यांनी काय करायचं?” घाबरू नका. कोच म्हणेल, हे मराठीच्या बाईंना विचार. बाई म्हणतील, धड्याखालच्या प्रश्नांत हे नाही. घंटा होईपर्यंत मुलगी हात खाली घेते.

खरा धोका वेगळाच आहे. स्नेहसंमेलनाच्या कपाटात तबल्याची जोडी असेल, तर ती आजच हलवा. एखाद्या उत्साही शिक्षकाने वर्गात नेली की संपलं. नुसतं ताणलेलं कातडं वाजवलं तर त्यातले स्वर बेवारशी निघतात. पहिल्याची कंपनं १ धरली तर पुढच्यांची १.५९, मग २.१४, कुणाचं कुणाशी जुळत नाही. मधोमध शाईचा, म्हणजे तबल्यावरच्या त्या काळ्या लेपाचा, थर चढवला की तेच आकडे २, ३, ४ अशा पटींजवळ येतात आणि कातडं सुरात बोलू लागतं. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० सालीच लिहून ठेवलंय, पण त्यांच्याकडे किट नव्हतं, सोडून द्या. मुलं शाईवर बोट ठेवून बघतील, कातड्यावर बारीक वाळू भुरभुरवतील, डग्ग्याची शाई एका बाजूला का म्हणून वाद घालतील. कुणीतरी विचारील, गणित न मांडता हा थर पहिल्यांदा चढवणारा कोण होता? झाला की इतिहासाचाही तास! एवढं सगळं होऊन खर्च शून्य. शून्याचं बिल कसं लावणार? आणि त्यात लुकलुकणारा दिवा एकही नाही, फोटोत काय दिसणार?

सहलीच्या बाबतीतही हीच दक्षता. कुडाळजवळच्या पिंगुळीला मुलांना नेऊ नका. तिथे ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्या कलेसाठी २०२१चा पद्मश्री जाहीर झाला. दोरा कुठे बांधला तर हात उचलला जातो आणि कुठे बांधला तर बाहुली तोंडावर पडते, हे मुलांनी एकदा पाहिलं की ती परत येऊन लाकूड आणि सुतळी मागतात. मग बाहुलीला गोष्ट लागते, गोष्टीला संवाद. महिना जातो आणि अहवालात लिहायला ‘बाहुली केली’ एवढंच हाती लागतं. वॉटर पार्कला न्या.

आता शुल्क. ‘स्टीम’चं वेगळं घ्या, पावती ‘उपक्रम’ म्हणून द्या. दहावीचे पालक कुरकुरतील, कारण इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेचे वाढीव गुण मिळतात आणि चित्रकलेचा तास तर तुम्ही एकात्मिक केलेला. त्यावरही तोडगा आहे. शनिवारी दुपारी लॅब रिकामीच असते. तिथे त्याच सरांचा खासगी वर्ग सुरू करून द्या. जिन्याखालचे माठ त्यांचे त्यांनी आणायचे, आणि खोलीचं भाडं आगाऊ घ्यायचं.