शीट, शीड आणि दीड मिलिमीटर

दुसरं भोक जुळेना, तेव्हाच मला पडद्यावाले काका आठवायला हवे होते. पण माणसाचा आशेवर फार विश्वास. मी तिसऱ्या भोकापर्यंत थांबलो.

काम साधं होतं. १९७९ साली इंग्लंडात बांधलेली अठ्ठावीस फुटी शिडाची बोट, पावसाळ्यासाठी यार्डात वर काढलेली, आणि तिच्या जेनोआच्या कार बदलायच्या. कार म्हणजे चारचाकी नव्हे. जेनोआ हे पुढचं मोठं तिकोनी शीड. त्याच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेला दोर म्हणजे शीट. शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे दोर. भर वाऱ्यात ओरडून सांगताना या दोघांत किती फरक उरतो ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. तर ही शीट डेकवरच्या एका कप्पीतून मागे विंचकडे, म्हणजे दोर आवळायच्या रहाटाकडे जाते आणि ती कप्पी रुळावर पुढेमागे सरकते. ती कार.

कार पुढे घेतली की शिडाची मागची कड खाली ओढली जाते आणि तळाला पोट सुटतं. मागे घेतली की तळ ताणून सपाट होतो, वरचा भाग उघडतो आणि जास्तीचा वारा तिथून निसटतो. शिडाच्या पुढच्या कडेला लोकरीचे धागे लावलेले असतात. वाऱ्याकडच्या बाजूचा वरचा धागा आधी फडफडला तर कार पुढे, खालचा आधी फडफडला तर मागे. जेनोआ अर्धं गुंडाळलं की त्याचा कोपरा पुढे आणि वर सरकतो, म्हणजे कारही पुढे हवी. वारा वाढला की हे सगळं करायचं. आणि जुन्या कारला असते स्प्रिंगची खुंटी, जी कारला रुळावर अडकवून धरते आणि वारा वाढला की उचलतच नाही.

का उचलत नाही? शिडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले वाऱ्याच्या नॉटमधल्या वेगाचा वर्ग, गुणिले ०.०२१, म्हणजे शीटवरचा ताण किलोमध्ये. पंचवीस चौरस मीटर आणि वीस नॉट धरले तर २१० किलो. दोन क्विंटलांवर ज्वारी दोरीला टांगलीय आणि तुम्ही झुकलेल्या डेकच्या खालच्या, पाण्याकडच्या बाजूला गुडघ्यावर बसून बोटाने खुंटी उपटताय. शहाणी माणसं वरच्या बाजूची रिकामी कार आधी लावून घेतात आणि मग बोट दुसऱ्या अंगावर वळवतात. आणखी शहाणी माणसं कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या बसायच्या जागेतून, दोरीने ओढायची कार बसवतात. शीट कारपाशी ४५ अंशात वळत असेल, तर रुळाच्या दिशेने कार मागे खेचणारा जोर ताणाच्या साधारण तीस टक्के असतो, म्हणजे इथे साठेक किलो. जोर चौपट करणारी कप्प्यांची जोडणी लावली की हाताला पंधरा, घर्षण धरून वीस. मागे न्यायला दोरी लागतच नाही. सैल सोडली की शीटच कारला मागे नेते. दोरी आठ मिलिमीटरची घ्यावी. सहाची ताणाला पुरते, पण हात कापते.

नवे रूळ आणि कार परदेशातून आले. सातशेहून अधिक किलोमीटर किनारा असलेल्या राज्यात, जिथे कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं फिरली, तिथे शिडाच्या बोटीची एक कार मला आजवर काउंटरवर मिळालेली नाही. कुरियरच्या फॉर्मवर ‘वस्तूचा उपयोग’ या रकान्यात मी काय लिहिलं ते सांगत नाही. असो. बोल्ट तरी इथलेच घ्यावेत म्हणून मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठली.

बोल्टची यादी चोख होती. एम सहा, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचे, लांबी पन्नास: दहा मिलिमीटर रुळाचे, वीस डेकचे, सहा खालच्या पट्टीचे, मग वॉशर, नट आणि वर थोडं शेपूट. काउंटरसंक, म्हणजे रुळात सपाट बसणाऱ्या डोक्याचे, स्टेनलेसच्या ३१६ ग्रेडचे, नायलॉकसह, म्हणजे सैल न होणाऱ्या नायलॉनवाल्या नटांसह. एका रुळाला पंधरा म्हणजे दोन्हींना तीस, सहा जास्तीचे, एकूण छत्तीस. नमुना म्हणून रुळाचा वीतभर तुकडा सोबत नेला होता. तो काउंटरवर ठेवला आणि शेजारून आवाज आला.

“पडद्याचा का?”

काकांच्या हातात पडद्याच्या चोवीस कड्यांची पुडी होती, कपाळावर चष्मा होता आणि संध्याकाळपर्यंत काहीही काम नव्हतं.

“नाही, शिडाचा.”

“म्हणजे कापडच ना?”

“हो, पण रुळावर कापड सरकत नाही. कप्पी सरकते.”

“दोरी ओढली की?”

“हो.”

“मग पडदाच.” त्यांनी चष्मा खाली घेतला. “खिडकी केवढी आहे?”

का कोण जाणे, मी खरं उत्तर दिलं. “पंचवीस चौरस मीटर.”

“गॅलरी आहे वाटतं.” ते दुकानदाराकडे वळले. “शेठ, यांना तो फुटावरचा अॅल्युमिनियम दाखवा, बिछायतवाले नेतात तो. हे काय विलायती घेऊन बसलेत.”

“काका, दोरीवर दोनशे दहा किलो ताण येतो.”

“मग एवढा जड पडदा घेतलात कशाला?”

शेठ हसले नाहीत. नागदेवीत कुणी गिऱ्हाइकाला हसत नाही, सगळ्यांची बिलं व्हायची असतात. त्यांनी दोन खोके पुढे केले, एक ३०४चा, एक ३१६चा. मी बोल्टच्या डोक्यावरची खूण बघायला बोल्ट उचलला. ३०४च्या जातीवर ए-२ असतं, ३१६च्या जातीवर ए-४. तोवर काकांनी सदऱ्याच्या खिशातून लोहचुंबक काढलं होतं. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेलं, रोज हाताळून गुळगुळीत झालेलं.

“चिकटत नाही,” त्यांनी निकाल दिला. “खरं आहे.” मग दुसऱ्या खोक्यातला घेतला. “हेही चिकटत नाही. हेही खरं. मग स्वस्तातलं घ्या की.”

मी समजावलं. आता वाटतं, तिथेच गप्प बसलो असतो तर बरं. ३१६मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते टिकतं आणि ३०४वर मात्र चहाचे ओघळ आल्यासारखे डाग पडतात. चुंबकाला यातलं काही कळत नाही. उलट बोल्टचं डोकं थंड ठोकून घडवताना चांगलं स्टेनलेससुद्धा किंचित चुंबकीय होऊ शकतं, त्यामुळे थोडं चिकटलं म्हणून खोटं, असंही नाही.

“म्हणजे चिकटलं तरी खरं, नाही चिकटलं तरी खरं,” काका म्हणाले. “तुम्हाला फसवायला सोपं आहे हो.”

शेठनी माझ्या वतीने खाली मान घातली.

“जुनी भोकं आहेत का डेकला? मग ती इंचातली की मिलिमीटरमधली?”

“जुनी चार इंचांवर, नवी शंभर मिलिमीटरवर. तेच ते.”

“तेच ते नाही हं. एकशे एक पॉइंट सहा. परळच्या वर्कशॉपात हयात गेली माझी. दोन भोकं असतील तर निभेल. तुमची किती?”

मी पैसे दिले आणि निघालो. मागून ऐकू आलं, “टेप लावून बघा एकदा!”

टेप लावली नाही. एरवी मी लावतो. पण कड्यांची पुडी घेतलेल्या माणसाने सांगितल्यावर नाही लावली.

तर ते दीड मिलिमीटर, नेमकं १.६. पहिलं भोक बसलं. दुसऱ्यात बोल्ट तिरका शिरला. तिसऱ्याला ३.२चा फरक. पंधराव्यापर्यंत चौदा अंतरं होतात आणि तिथे नवं भोक जुन्याच्या २२.४ मिलिमीटर अलीकडे होतं. दोन बाजू, तीस भोकं. रूळ परत पाठवायचा तर मालाइतकंच भाडं.

आता उपाय एकच. डेकच्या दोन फायबरग्लास थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं आणि भोकातून पाणी शिरलं की ते भिजल्या पावासारखं होतं. म्हणून प्रत्येक जुनं भोक बारा मिलिमीटरचं केलं, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून आतलं बाल्सा कडेकडेने खरवडलं, खालून टेप मारली. आधी पातळ इपॉक्सी, म्हणजे कालवून ओतलं की कडक होणारं रसायन, पाजलं, मग सिलिका घालून घट्ट केलेलं भरलं. नव्या भोकांचंही तेच. जुनं-नवं शेजारी आलं तिथे दोघांचा मिळून एक लांबट खड्डा. मुंबईच्या सप्टेंबरात इपॉक्सी एका वेळी वाटीभर कालवलं तर वाटीतच तापून धूर सोडतं. म्हणून थोडं थोडं, पसरट ताटलीत. दमट हवेत वर मेणचट थर येतो, तो नुसत्या पाण्याने घासून काढायचा, मग पॉलिश पेपर. पॉलिश पेपर आधी लावला तर मेण आत घासलं जातं. या सगळ्यात दोन शनिवार-रविवार गेले. दीड मिलिमीटरला.

मग साडेसहाची भोकं, वरच्या तोंडाला हलकी खोलगट कड, तिथे ब्युटिल टेपची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या चिकट रबरी पट्टीची गोळी, म्हणजे बोल्टभोवती तिचं कडं तयार होतं. अॅल्युमिनियमच्या रुळाला स्टेनलेस थेट लागू नये म्हणून मध्ये लेप. वरून मी स्क्रूड्रायव्हरने बोल्ट नुसता धरायचा, फिरवायचा नाही, नाहीतर ब्युटिल पिळवटतं. खाली केबिनमध्ये छताचं अस्तर सोडवून तांडेल पाना फिरवणार, तोही सावकाश, कारण स्टेनलेसवर स्टेनलेस भरभर फिरवलं की अडकतं आणि मग कापावंच लागतं. एकदा आवळून होत नाही. ब्युटिल दबत जातं तसं पुढचे दोन-तीन दिवस पाव-पाव फेरा.

जास्तीचे सहाही नट मधल्या काळात असेच कुठे कुठे गेले होते. त्यामुळे एकोणतिसावा नट तांडेलाच्या हातून सुटला आणि पाण्याच्या टाकीमागे पडला, तेव्हा तो काढणं भाग होतं.

“चुंबक आहे माझ्याकडे, दोरीला बांधून सोडतो,” तांडेल म्हणाला.

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी पक्कं माहीत होतं. “नाही चिकटायचा. चांगल्या मालाला चुंबक लागत नाही.”

त्याने तरी सोडलं. दोरी हलली, थांबली, हळूहळू वर आली. चुंबकाच्या एका कडेला, धड लटकत नाही आणि धड पडतही नाही असा नट होता.

तांडेलाने तो माझ्या हातावर ठेवला. “लागला की, साहेब.”

“थंड ठोकल्यावर थोडं होतं तसं,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला आणि डब्यातला तिसावा नट चुंबकाला लावून बघू लागला.