संदर्भ हवा म्हणे!

डोकं फिरलंय नुसतं. तृतीय वर्षाचे प्रकल्प तपासत बसलोय. विषय बहिणाबाई चौधरी. बाहेर जळगावचं ऊन, वर पंखा गरम हवा फेकतोय, आणि एका पोराच्या वहीत निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं सापडतं: 'त्यांच्या ओव्या घरोघरी गायल्या जात [संदर्भ हवा].' विकिपीडियावरची खूण, हातानं लिहिलीय! कंसासकट! दोन पानं पुढे '[मराठी शब्द सुचवा]'. आता मी सुचवू का बाबा?

विचारलं तर म्हणतो, "सर, तठे तेच लिखेल शे."

बहिणाबाईंचं माहेर असोदं जळगावपासून हाकेच्या अंतरावर. जाऊन एखाद्या म्हातारीला चार ओव्या विचारल्या असत्या तर प्रकल्पाचं सोनं झालं असतं. जाऊ द्या.

पण पोराला काय बोलू? खरा राग आमच्यावरच येतोय. एका मुलीनं संदर्भसूचीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं: मराठी विकिपीडिया, लेखाचं नाव, पाहिल्याची तारीख. आमच्या वरिष्ठांनी त्यावर लाल काट मारली. 'विकिपीडिया चालत नाही.' चालत नाही म्हणजे काय? मजकूर तसाच राहिला, नाव तेवढं गेलं! तिनं बिचारीनं मग त्या जागी कधी न उघडलेल्या दोन जाड पुस्तकांची नावं टाकली. त्यावर लगेच सही. चोरी कशी करायची ते आपणच शिकवतो, आणि पीएचडीला आले की यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-नियमांतले मजकूर-साम्याचे १० टक्के मोजत बसतो.

"कोणीही लिहितं हो तिथं!" हे एक पाठ केलेलं वाक्य. अरे, लिहितं ना! म्हणून तर वर 'इतिहास' आहे. कुठला शब्द कधी बदलला, सगळं उघडं. शेजारी 'चर्चा' आहे. खाली संदर्भ आहेत. विकिपीडिया स्वतःच सांगतो की माझ्यावर थांबू नका, मूळ साधन बघा. ओळीच्या शेवटचे ते [१], [२] असे आकडे दाबून संदर्भ बघायला एका तासात शिकवता येतं. पण तो तास कोणी घ्यायचा? तासिका तत्त्वावरच्या माणसानं, आणखी कोणी!

आणि मराठी विश्वकोश? तो उभा करणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. त्याचे खंड आमच्या ग्रंथालयात कुलूपबंद कपाटात आहेत, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. तोच विश्वकोश नेटवर फुकट वाचता येतो हे वर्गात सांगितलं तर साक्रीकडचं पोरगंसुद्धा तोंडाकडे बघत राहिलं.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. इतक्या वर्षांत खानदेशातल्या आम्ही मास्तर लोकांनी आपल्या गावाबद्दल, अहिराणीबद्दल किती ओळी घातल्या असतील तिथं? मी स्वतः? एकही नाही. नावं ठेवायला मात्र पहिले.

काल शिक्षक कक्षात बहिणाबाई जयंतीची माहितीपत्रिका वाटली. मजकूर त्याच लाल काटवाल्या वरिष्ठांचा. चहा पीत वाचत होतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी पूर्णविरामाला चिकटून बारीक अक्षरात लटकत होतं: [३].