तीन नोटिसा, तीन वकील

आज सकाळी साडेसातला पोट्टी ट्रायपॉड घेऊन ओसरीवर उभी. स्कूटी बंदही केली नव्हती. म्हणाली, "काका, हा तुमच्याकडं राहू द्या. मी बातम्यांचं पोर्टल बंद करून राहिली." चहा घे म्हटलं तर थांबली नाही. वर्ध्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बिलं टाकायचं काम मिळालंय, साडेनऊला पोचायचं होतं.

आज तूर सोंगायला बाया आल्या आहेत. मी धुऱ्यावर बसून हे टाइप करतोय, कामात लक्ष लागत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिची कापसाच्या काट्याची बातमी तीन वर्षांपूर्वी शेअर केली होती. आठवा. एका शेतकऱ्याचा मेटॅडोर तिनं आधी हायवेवरच्या धर्मकाट्यावर नेला. निव्वळ कापूस २१ क्विंटल ४० किलो. मग त्याच गाडीमागं स्कूटीनं कापूस घेणाऱ्या जिनिंग कारखान्यापर्यंत गेली, गाडी रिकामी होईस्तोवर तिथंच उभी राहिली. तिथल्या काट्यावर २० क्विंटल ७८. पंधरा किलोमीटरच्या रस्त्यात बासष्ट किलो कापूस कुठं गेला? कट्टी म्हणून वजनातून कापलं ते वेगळंच. सात हजारांचा भाव धरला तर एका गाडीमागं चार हजारांच्या वर. तिनं दोन्ही पावत्यांचे फोटो टाकले, वर एक ओळही मसाला लावला नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या साप्ताहिकानं ती बातमी घेतली. नदीपलीकडच्या यूट्यूब चॅनलवाल्या पोट्ट्यानंही चालवली. आठवडाभरात तिघांना जिनिंगवाल्याच्या वकिलाची नोटीस. मजकूर तोच, कलमं तीच, फक्त वरचं नाव बदललेलं. आणि आपण काय केलं? तिघं तीन वकिलांकडं गेले. तिघांनी पाच-पाच हजार मोजले. दोघांनी बातमी काढून टाकली. तिनं नाही काढली. तिच्या बापानं त्या पाच हजारांसाठी घरची तूर भाव यायच्या आधीच विकली.

पुढच्या महिन्यापासून कृषी केंद्राची जाहिरात बंद, मंगल कार्यालयाची बंद, कापड दुकानाची बंद. कोणी भांडलं नाही, धमकी दिली नाही. नुसते फोन उचलायचे थांबले.

मला या गोष्टीचा आजही संताप येतो. पण तिच्या पोर्टलचा मारेकरी तो जिनिंगवालाच आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्यानं त्याचं केलं. तीन छोटी माध्यमं तीन वाटांनी पळाली, म्हणून त्याला ते इतकं स्वस्तात करता आलं. तिघांनी मिळून एक वकील धरला असता, एक उत्तर पाठवलं असतं, तर खर्च तिसऱ्या हिश्शावर आला असता आणि बातमी तिन्ही ठिकाणी राहिली असती. तीन तालुक्यांतल्या सगळ्या दुकानदारांना त्यानं फोन केले असते का?

स्वतंत्र म्हणजे एकटं, हे आमच्या डोक्यात कोणी भरवलं?

ज्या दैनिकांनी माझ्यासारख्या तालुका वार्ताहरांना "तुझं तू पाहा" म्हणत वापरलं, ती स्वतः एकटी कधीच नव्हती. पेपरांना बातम्या पुरवणारी पीटीआय ही संस्था कोणाची आहे? वृत्तपत्रांचीच. १९४७ साली वर्तमानपत्रांनी मिळून ती स्थापन केली, नफा काढायचा नाही असं ठरवून, आणि १९४९ पासून तिचं काम सुरू झालं. दिल्लीच्या बातमीसाठी गावोगावच्या प्रत्येक पेपरानं आपला माणूस ठेवायचा म्हटलं असतं तर किती पेपर टिकले असते? एकमेकांशी भांडणारे मालक खर्चापुरते एका छपराखाली बसले. बसूनच आहेत अजून. ही अक्कल फक्त वरच्यांनीच वापरायची काय?

आत्ताचंच घ्या. २०२० मध्ये अकरा डिजिटल माध्यमांनी मिळून डिजिपब नावाची संस्था काढली, लहान माध्यमाला एकट्यानं कोणी दाबू नये म्हणून. दिल्लीची न्यूजलॉन्ड्री आणि बंगळुरूची द न्यूज मिनिट या बातम्यांच्या दोन वेबसाइटनी एकत्र वर्गणी सुरू केली, वाचकानं एकदा पैसे भरायचे आणि दोन्हीकडं वाचायचं. मार्च २०२४ मध्ये पक्षांना देणगी द्यायच्या निवडणूक रोख्यांच्या याद्या बाहेर आल्या तेव्हा या दोघांनी आणि स्क्रोल या तिसऱ्या वेबसाइटनं, सोबत काही स्वतंत्र पत्रकार घेऊन, त्या नोंदी वाटून चाळल्या. कोणत्या कंपनीनं कोणत्या पक्षाला किती दिले, हे एका ऑफिसच्या चार पोरांच्या हातून इतक्या लवकर निघालं नसतं.

त्यांच्याकडं इंग्रजी वाचणारा, कार्डानं पैसे भरणारा वाचक आहे, आपल्याकडं नाही. ठीक आहे, मान्य.

मग आपल्या गडचिरोलीकडं पाहा. कोरची तालुक्यात तेंदूपत्त्याचा ठेकेदार एकेका गावाला वेगळं गाठायचा. गाव एकटं असलं की त्याचा भाव चालणार. मग ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आणि लिलावाला एकत्र बसू लागल्या. प्रत्येक गावाचं जंगल त्याच गावाचं राहिलं, ठराव त्यांचा, हिशोब त्यांचा. फक्त ठेकेदार समोर आला की सगळे एका सतरंजीवर. मला पत्रकारितेत यापेक्षा वेगळं काहीच नको आहे. बातमी ज्याची त्याची. तिच्या बातमीत साप्ताहिकवाल्या भाऊंनी नाक खुपसायचं नाही, भाऊंच्या अग्रलेखात तिनं नाही. वकील एक, हिशोब लिहिणारा एक, वेबसाइट सांभाळणारा एक आणि जाहिरातीला फिरणारा माणूस एक.

जाहिरातीचं तर उघड आहे. तिच्या पोर्टलला महिन्याला नऊ हजार वाचक. यवतमाळचा सोन्याचा दुकानदार नऊ हजारांसाठी खुर्चीत सरळही बसत नाही. चॅनलवाल्याचे बावीस हजार धरा, साप्ताहिकाचे दीड हजार अंक घराघरात जाणारे धरा, मग तो स्वतः चहा मागवतो. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका जिनिंगवाल्यानं जाहिरात काढली तर त्या दिवशी कोणाच्या घरची चूल विझत नाही. कलेक्टर ऑफिसच्या पत्रकार परिषदेला आमच्या भागातून तीन गाड्या, तीन जणांचं पेट्रोल, साठ किलोमीटर जायचं आणि साठ यायचं. तिघं तेच ऐकून येतात, तेच लिहितात. मी चौदा वर्षं हेच केलं.

सहकार म्हटलं की आपल्याकडचा माणूस दचकतो हे मला माहीत आहे. सूतगिरण्या, जिनिंगच्या सोसायट्या, जिल्हा बँका, सगळं डोळ्यांपुढं येतं. खरं आहे ते. पण याच गावात माझ्या बायकोचा बचत गट आहे, बारा बाया, वही एक, रुपया इकडचा तिकडं झालेला नाही. कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या सहा दैनिकांचा मालक २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेला, तेव्हा कामगारांनी प्रत्येक पेपराची सहकारी संस्था केली आणि वर सगळ्यांची मिळून एक. निवृत्त लोकांच्या पेन्शनला कात्री लागली, पुढं छापील अंकही बंद करावे लागले. तरी त्या गावांच्या बातम्या चालू राहिल्या.

बाया जेवायला बसल्यात. मघापासून एक गोष्ट लिहायची टाळतोय, ती लिहून टाकतो.

काट्याची ती बातमी मीही पाठवली होती. मी तेव्हा एका मोठ्या दैनिकाचा वार्ताहर होतो. मानधन नावापुरतं, आणि पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस यांचं जाहिरातीचं टार्गेट डोक्यावर. बातमी लागली नाही. मी विचारलंही नाही का लागली नाही, कारण त्या जिनिंगची दिवाळीची पानभर जाहिरात मीच आणली होती आणि तिचं कमिशन माझ्या खिशात होतं.

नोटीस आली त्या संध्याकाळी पोट्टी माझ्याकडं आली होती. याच ओसरीवर बसली. म्हणाली, "काका, आपण चौघं मिळून एकच वकील केला तं नाई जमणार का?" मी म्हटलं, पाहू.

पाहू! बारावीत असताना माझ्या गाडीवर मागं बसून ग्रामसभेला यायची ती, वहीत सगळं लिहून घ्यायची, कोणाचा शब्द चुकला तर मला रस्त्यात सांगायची. तिला मी पाहू म्हटलं आणि तिनं तीन वर्षं एकटीनं ओढलं.

दुपारी मी दोघांना फोन केले. साप्ताहिकवाले भाऊ बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "तेव्हाच करायले पाह्यजे होतं." येतो म्हणाले. चॅनलवाला पोट्टा म्हणाला, "मी येतो काका. पण ताई येईन का?"

रविवारी सकाळी दहाला आमच्या ओसरीवर बसतोय. मला तुमच्याकडून देणगी नको. ज्यांना टॅली येतं त्यांनी या. महिन्याच्या ठरावीक फीवर तिघांचं काम घेईल असा वकील कोणाच्या ओळखीत असेल तर त्याला घेऊन या. ज्यांचं दुकान आहे त्यांनी तिन्हीकडं मिळून एक छोटी जाहिरात देता येते का ते घरून ठरवून या. "पाहू" म्हणायचं असेल तर येऊ नका, हे मी रागानं नाही, हात जोडून सांगतोय.

पोर्टलच्या डोमेनची मुदत २८ तारखेला संपते. पैसे माझ्याकडं आहेत, पासवर्ड तिच्याकडं. संध्याकाळी ती वर्ध्याहून यायच्या वेळेला तिच्या घरी जाऊन बसतो.