'वॉटर'मधला र, 'वत्न'मधला न : एका प्रतिक्रियेला उत्तर

"प्रथमेत र आणि षष्ठीत न असं नाम कुठल्याच भाषेत नसतं. इंग्रजी वॉटर आणि आइसलँडिक वत्न हे वेगळे शब्द आहेत, त्यांना एका मूळ जर्मानिक नामात कोंबणं ही हातचलाखी आहे." माझ्या लेखावरची तुमची ही प्रतिक्रिया दोनदा वाचली. (मूळ जर्मानिक म्हणजे इंग्रजी, जर्मन, आइसलँडिक यांची सामायिक पूर्वज भाषा.) मतभेद समजू शकतो, पण हातचलाखी? अकरा वर्षं मी जर्मन शिकवतो आहे. मुलं माझ्या चुका काढतात, हेतूवर मात्र आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

एक चूक कबूल करतो. गॉथिक (जर्मानिक कुळातली एक लुप्त भाषा) 'वत्नम्' मी षष्ठीचं म्हणून दिलं होतं, ते चतुर्थीचं अनेकवचन आहे. दुरुस्त केलं.

आता तुमचं 'कुठल्याच भाषेत'. हित्ती ही आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा, जर्मानिक आणि संस्कृतच्याच इंडो-युरोपीय कुळातली. तीत पाणी म्हणजे 'वातर' आणि षष्ठी 'वितेनस'. एकच नाम, र आणि न दोन्ही. चेक अभ्यासक ह्रोझ्नीने १९१५ साली ही भाषा उलगडली, तेव्हा हाच 'वातर' त्याच्या हाती लागला होता. आपल्याला पाणी, पण पाण्याला हे सामान्यरूप खटकत नाही ना? तसंच मूळ नामाला दोन अंगं (प्रत्यय लागण्याआधीची रूपं) होती. पुढे वाटणी झाली. इंग्रजी-जर्मनने र धरला, गॉथिकने (वतो, वतिन्स) आणि नॉर्सने (आइसलँडिकची पूर्वज भाषा) न. विस्तवाचंही तेच : इंग्रजीत फायर, गॉथिकमध्ये फोन, षष्ठी फुनिन्स, आणि हित्तीत पह्हुर, षष्ठी पह्हुएनस.

इतकं लांब तरी कशाला जायचं? यकृत्, षष्ठी यक्नः. उदकाची वैदिक षष्ठी उद्नः. माझे आजोबा वैदिक होते. पाणिनीचं ६.१.६३ हे सूत्र, ज्यात यकन्, शकन्, उदन् येतात, ते शाळेत जायच्या आधीच मी त्यांच्या मांडीवर बसून पाठ केलं होतं. र-नची ही जोडी मी नेटवरून उचललेली नाही. हातचलाखीचा आरोप करण्याआधी निदान संस्कृतची रूपं चाळायची होती.

मूळ रूप *वतोर होतं की *वतर (तारा म्हणजे अनुमानाने मांडलेलं रूप), आणि दोन अंगं नेमकी कधी फुटली, हे तुमचे उरलेले प्रश्न. तो लेखाचा विषयच नव्हता, त्यामुळे त्यांत शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'हातचलाखी' हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा.