घोकंपट्टीपेक्षा शब्दाचं कूळ शोधा

तुमच्या लेखात अनोख्या इंग्रजी शब्दांची यादी देऊन त्यातले रोज पाच पाठ करायचा सल्ला दिला आहे, तो काही पटला नाही. घोकलेलं चार दिवसांत उडून जातं. शब्दाची फोड करून बघा, तो आपसूक डोक्यात बसतो. तुमच्याच यादीतला 'पेट्रिकोर' घ्या, कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर येणारा वास. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या लेखासाठी तो घडवला. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकॉर' म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव! (शास्त्रज्ञही कधी कधी कवी होतात.) एकदा 'पेट्रा' ओळखीचा झाला की 'पेट्रोलियम' (खडकातलं तेल), 'पेट्रिफाय' (दगड होणं) हे त्याचे भाऊबंद फुकटात पदरात पडतात. 'डीफेनेस्ट्रेशन'चंही (खिडकीतून बाहेर फेकणं) तसंच: लॅटिन 'फेनेस्ट्रा' म्हणजे खिडकी, आणि १६१८ साली प्रागमध्ये अधिकाऱ्यांना खरोखरच खिडकीतून बाहेर फेकलं होतं. हे वाचल्यावर कोण विसरेल?

बाकी असले शब्द वाचताना अडू नये म्हणून शिकावेत. कामाच्या ईमेलमध्ये पेरले तर समोरचा अर्थ शोधत बसतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.