सायटेशन जास्त म्हणून संशोधक मोठा? आधी आकडा उघडून बघा

मुंबईतल्या डॉक्टरांच्या आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक दावा पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो. त्याचा आशय असा: ‘इमर्जन्सी मेडिसिनमधला संशोधक जोखायचा तर गूगल स्कॉलर (संशोधन पेपर शोधायचं गूगलचं साधन) उघडा. ज्याचे सायटेशन, म्हणजे इतर पेपरांनी केलेले उल्लेख, जास्त, त्याचं म्हणणं खरं. ज्याचा एच-इंडेक्स मोठा, तो संशोधक मोठा. आपल्या पालिका रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत संशोधन होतच नाही.’ यात तीन वेगवेगळी विधानं आहेत आणि तिन्ही लंगडी आहेत.

‘सायटेशन जास्त म्हणजे म्हणणं खरं.’ सेप्सिसचंच, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या जीवघेण्या अवस्थेचं, उदाहरण घ्या. 2001 साली डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधून इमॅन्युएल रिव्हर्स आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. एकाच रुग्णालयातले 263 रुग्ण. पहिल्या सहा तासांत मानेच्या शिरेतून कॅथेटर टाकायचा, ठरलेले दाब आणि ऑक्सिजनचं प्रमाण गाठायचं, लागलं तर रक्त आणि हृदयाचा जोर वाढवणारं डोब्युटामिन हे औषध द्यायचं. रुग्णालयातला मृत्युदर 46.5 टक्क्यांवरून 30.5 वर आला. जगभर तसे प्रोटोकॉल झाले, सायटेशन हजारोंनी वाढले. पुढे 2014 मध्ये प्रोसेस आणि अराइज, 2015 मध्ये प्रॉमिस अशा तीन मोठ्या बहुकेंद्री चाचण्या झाल्या. नेहमीच्या चांगल्या उपचारापेक्षा या काटेकोर प्रोटोकॉलने जास्त जीव वाचतात असं एकीतही दिसलं नाही. या तिन्हींनीही मूळ पेपरचा उल्लेख केला आहेच, म्हणजे तो खोडला जात असतानाही त्याचा आकडा चढतच होता. (सेप्सिस लवकर ओळखा, अँटिबायोटिक लवकर द्या, हा आग्रह मात्र टिकला. त्याचं श्रेय त्या पेपरला द्यायलाच हवं.) उल्लेख आधारासाठी झाला की विरोधासाठी, हे मोजणाऱ्या यंत्राला कळत नाही.

‘एच-इंडेक्स मोठा तो संशोधक मोठा.’ हे माप होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली सुचवलं. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. ज्या क्रमांकाच्या पेपरला किमान तितकेच सायटेशन आहेत, असा सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे इंडेक्स. 50, 18, 7, 4, 3 असे सायटेशन असतील तर चौथ्या पेपरला 4 आहेत, पाचव्याला 3 च; म्हणून इंडेक्स 4. आता पहिल्याचे 50 ऐवजी 900 करा. इंडेक्स 4 च राहतो! शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, सहसा कमी होत नाही. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडीला मान्यताच 2009 साली मिळाली. इथल्या तरुण असिस्टंट प्रोफेसरची तुलना तीस वर्षं लिहीत असलेल्या हृदयरोगतज्ज्ञाशी करण्यात अर्थ नाही.

त्यात प्रोफाइलचा गोंधळ. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासण्याआधीच टाकलेले पेपर), परिषदेतले निबंध सगळं मोजतं. स्कोपस हा दुसरा डेटाबेस निवडक नियतकालिकं, पुस्तकं आणि परिषदांचे निबंधच धरतो. त्यामुळे एकाच माणसाचे दोन आकडे निघतात. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. शहा’ नावाच्या प्रोफाइलमध्ये भलत्याच पाटलांचे पेपर आपोआप जमा होतात. उपाय सोपा: आपोआप भर टाकणं बंद करून आधी विचारायला लावा, दुबार नोंदी एकत्र करा, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा 16 अंकी क्रमांक घ्या. आकडा लिहिताना स्रोत आणि तारीख लिहा. स्कोपसमध्ये स्वतःचेच स्वतःला दिलेले उल्लेख वगळूनही आकडा बघता येतो.

‘पालिकेच्या कॅज्युअल्टीत संशोधन होत नाही.’ 2013 ते 2015 या काळात जखमी रुग्णांची जी बहुकेंद्री नोंदवही तयार झाली, तिच्यात मुंबई पालिकेची केईएम आणि सायन ही दोन्ही रुग्णालयं होती. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या औषधाची क्रॅश-2 ही चाचणी 40 देशांतल्या 274 रुग्णालयांत 20,211 जखमींवर झाली. भारतातली रुग्णालयंही त्यात होती. दुखापतीनंतर आठ तासांच्या आत रुग्ण निवडायचा, दहा मिनिटांत 1 ग्रॅम, मग आठ तासांत आणखी 1 ग्रॅम. गर्दीच्या कॅज्युअल्टीत हे वेळेत करणं हेच खरं काम. पण पेपर सहभागींच्या गटाच्या नावाने निघाला, त्यामुळे नाइट ड्यूटीवर रुग्ण निवडणाऱ्या डॉक्टरच्या प्रोफाइलवर त्याची खूणही नसू शकते.

आणि वापर म्हणजे सायटेशन नव्हे. घोट्याचा एक्स-रे लागेल का हे ठरवणारे ओटावा नियम लावताना डॉक्टर घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर खालून 6 सेंटिमीटरपर्यंत दाबून बघतो, चार पावलं टाकायला सांगतो. केस पेपरवर तो कुठल्याही पेपरचा संदर्भ लिहीत नाही.

मूल्यमापन करायचंच असेल तर त्या व्यक्तीचे तीन पेपर मागवा. प्रत्येकात तिने नेमकं काय केलं, रुग्ण किती होते, नंतर कुणी तो निष्कर्ष पुन्हा तपासला का आणि पेपर मागे घेतला गेला आहे का, हे बघा. आकडा हवाच असेल तर स्कोपसचा क्षेत्रानुसार तोललेला आकडा घ्या. त्यात 1 म्हणजे त्या विषयाची, त्या वर्षाची जागतिक सरासरी.