खुर्ची रबराची नसते

परवा रात्री साडेनऊला ताईचा फोन आला. भाचा दिवाणावरून पडला होता. पडला म्हणजे ढकलला गेला. सोसायटीतली सहा पोरं दिवाणावर चढून 'रॉयल रंबल' खेळत होती. म्हणजे टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीतला तो सामना, ज्यात पैलवान एकामागून एक रिंगमध्ये येतात, एकमेकांना दोरावरून बाहेर फेकतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो. दोन्ही पाय फरशीला लागले की आउट. याचे पाय लागलेच नाहीत, कोपर आधी लागलं. नऊ वर्षांचं पोर आता तीन आठवडे प्लास्टरमध्ये आहे.

हे डोक्यात कुठून आलं विचारलं, तर म्हणाला, "पप्पांच्या मोबाइलमध्ये लिहिलंय, कुणाला काही होत नाही." मग पाहिलं. दाजींनी आदल्या दिवशी फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो लांबलचक फॉरवर्ड, जो मला ऑफिसच्या आणि शाळेच्या ग्रुपवरही आला होता. त्यात म्हटलंय: रंबलमधली मारामारी शंभर टक्के खरी, जिंकणारा जगज्जेता होतो. अंडरटेकर नावाचा पैलवान सात वेळा मरून परत आला. अक्षय कुमारने त्याला हरवलं. आपला खली रंबल जिंकला. मग विक्रमांची यादी. आणि शेवटी: खुर्च्या रबराच्या, रिंगखाली गादी, रक्त म्हणजे टोमॅटो सॉस, तेव्हा मुलांना बिनधास्त खेळू द्या.

दाजी, तुम्ही मोठे आहात. पण मारामारी शंभर टक्के खरी आणि खुर्च्या रबराच्या, या दोन गोष्टी एकाच मेसेजमध्ये वाचताना तुम्हाला काहीच खटकलं नाही?

मारामारी खरी आहे का, यावर वाद घालायची गरजच नाही. १९८९ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीने, तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं, स्वतः सांगितलं की हा खरा मुकाबला नसून प्रेक्षकांची करमणूक आहे. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख आणि कर मागे लागतात, ते टाळायचं होतं. मालकच हे सरकारदरबारी सांगून मोकळा झाल्यावर आपण गावभर उलटं कशाला सांगायचं? आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. फडावर नुरा दिसली की लोक हुर्यो उडवतात, कारण तिथे फसवणूक असते. इथे निकाल आधी ठरतो हे कंपनीच मान्य करते. १९९९ ची रंबल कोण जिंकला ठाऊक आहे? कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमोहन, वयाच्या ५३ व्या वर्षी. जगज्जेता वगैरेही नाही. १९९२ सारखा अपवाद सोडला, तर जिंकणाऱ्याला 'रेसलमेनिया' या कंपनीच्या वर्षातल्या सर्वात मोठ्या कार्यक्रमात विजेतेपदासाठी लढायची संधी मिळते, एवढंच.

अंडरटेकरचं मरण तर आमच्या पिढीनेच पसरवलं. या पैलवानांची ट्रंप कार्डं खेळताना प्रत्येक गल्लीत मरणाचा आकडा वेगळा असायचा. माणसाचं नाव मार्क कॅलावे, टेक्सासचा, १९६५ चा जन्म. जानेवारी १९९४ च्या रंबलच्या रात्री योकोझुना नावाच्या पैलवानाने बऱ्याच जणांच्या मदतीने त्याला शवपेटीत कोंडलं आणि पडद्यावर त्याची आकृती वर जाताना दाखवली. कॅलावेची पाठ दुखावली होती, त्याला विश्रांती हवी होती. ऑगस्टमध्ये तो परतला, तोही एका नकली अंडरटेकरशी लढायला. हा नकली म्हणजे ब्रायन ली नावाचा दुसरा पैलवान. 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये १९९६ साली अक्षय कुमारने उचलला तो हाच. खुद्द अक्षय कुमारने २०२१ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं.

खलीबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. २००७ च्या रंबलमध्ये तो २८ व्या क्रमांकावर रिंगमध्ये उतरला, सात जणांना बाहेर फेकलं आणि अंडरटेकरने त्याला बाहेर काढलं. त्याच वर्षी जुलैमध्ये २० जणांच्या बॅटल रॉयलमध्ये, म्हणजे सगळे एकदमच रिंगमध्ये उतरतात त्या सामन्यात, मात्र तो जिंकला आणि वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. ती रॉयल रंबल नव्हे. यादीतले स्टीव्ह ऑस्टिन या पैलवानाचे रंबलमधले तीन विजय आणि २०२३ च्या रंबलमध्ये गुंथर हा पैलवान टिकला ती ७१ मिनिटं, हे आकडेही बरोबर आहेत. फक्त ते लिहून ठरवलेल्या गोष्टीतले आकडे आहेत. १९८८ ला वीस जणांनी सुरुवात झाली, पुढच्या वर्षी तीस झाले, तेव्हापासून कोण किती वेळ टिकणार हे लेखकच ठरवतात.

आता शेवटचा मुद्दा, ज्याने पोराचा हात मोडला.

खुर्ची लोखंडाची असते, सभागृहात बसायला ठेवतात तीच. डोक्यात खुर्ची घालणं कंपनीने २०१० मध्ये बंद केलं. रबराची असती तर बंद करायची वेळ का आली असती? रिंगखाली गादी नसते. लोखंडी तुळया, त्यावर प्लायवूड, त्यावर फोमचा पातळ थर आणि कॅनव्हास. आणि रक्तासाठी कित्येक जण कपाळावर स्वतःच ब्लेड मारून घ्यायचे. सॉस कुठला?

२००५ ची रंबल पाहा. शेवटी बटिस्टा आणि जॉन सीना उरले, आणि दोघे एकदमच दोरावरून खाली गेले. रागावलेला विन्स धावत आला, रिंगमध्ये शिरताना त्याच्या दोन्ही मांड्यांचे स्नायू फाटले आणि तो तिथेच बसला. उभं राहता येईना, बसूनच ओरडत राहिला. त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. निकाल ठरलेला असला म्हणून शरीर ऐकत नाही.

हे लोक आधी पडायलाच शिकतात. हनुवटी छातीला, पाठ सपाट, श्वास सोडून, हात पसरून, म्हणजे मार एका जागी बसत नाही. ज्याला फेकायचं तो स्वतः उडी घेतो, वरचा दोर धरून बाहेर जातो. भाच्याला यातलं काय माहीत? त्याने फक्त वाचलं, काही होत नाही.

दाजी, ताई सांगत होती की तुम्ही तो मेसेज आणखी तीन ग्रुपवर पाठवलाय. तिथे हेही टाका, आजच. आणि दिवाण खिडकीजवळून हलवायचाय म्हणत होता ना, रविवारी येतो, दोघे मिळून हलवू.